सातव्या जोडीतलं एक

माझा आवाज मोठा आहे. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, ताईशी बोलायला फोन लागत नाही, नुसती खिडकी उघडी ठेवली तरी भागतं. प्रयोगशाळेतही सगळ्यांना हे ठाऊक आहे. कुणी नवीन कामाला लागलं की पहिल्याच आठवड्यात त्यांना माझ्या आवाजाची ओळख होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात या आवाजाचाही वाटा आहे.

मी गुणसूत्रं मोजते. सत्तावीस वर्षं हेच करते आहे. हॉस्पिटलच्या तळघरात आमची खोली. खिडकी नाही, दोन मायक्रोस्कोप, पेशी उबेत ठेवायची एक पेटी, आणि भिंतींत मुरलेला व्हिनेगरसारखा आंबूस वास. वरच्या मजल्यांवरून हिरव्या बुचाच्या नळीत अस्थिमज्जा येते, म्हणजे हाडाच्या आतला तो गडद लाल रस, जिथे रक्त तयार होतं. त्यातल्या पेशी आम्ही एकदोन दिवस उबेत वाढवतो, नेमक्या दुभंगायच्या वेळी औषध घालून त्यांना जागच्या जागी थांबवतो, काचेवर थेंब टाकतो, रंगवतो आणि मग बघत बसतो. एका माणसाच्या वीस पेशी. प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं, तेवीस जोड्या. काचेवर ती कशीही पडलेली असतात, आडवीतिडवी, एकमेकांवर चढलेली. त्यांच्या जोड्या लावायच्या. पूर्वी फोटो कात्रीने कापून कागदावर चिकटवायचो, आता स्क्रीनवर सरकवतो. कुठे तुकडा तुटलाय, कुठे एक कमी, कुठे एक जास्त, ते लिहायचं. पेशी बाईची की पुरुषाची हेही शेवटच्या जोडीवरून कळतं. बाईच्या पेशीत दोन एक्स, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक बारीकसा वाय.

माझ्या जोडीला मास्तर असतात. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. निवृत्तीला आलेत, हळू मोजतात, आणि एक पेशी दोनदा मोजल्याशिवाय पुढच्या पेशीकडे जात नाहीत. आमचं रोज वाजतं. पण एकाने मोजलेलं दुसऱ्याने तपासायचं हा नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. आणखी एक नियमही माझाच. मोजून होईपर्यंत नळीवरचा क्रमांक सोडून दुसरं काहीही बघायचं नाही. नाव तर फॉर्मवरही नसतं. वय आणि बाई की पुरुष एवढं असतं, पण तेसुद्धा मागाहून बघायचं. आधी माहीत असलं की डोळे तेच शोधतात. फॉर्मवर पुरुष आणि काचेवर बाई असं निघालं, तर नळ्यांची अदलाबदल झाली असं समजायचं. अहवाल द्यायचा नाही, नवी नळी मागवायची. याला अपवाद एकच. रुग्णाला पूर्वी दुसऱ्या कुणाची मज्जा दिलेली असेल, तर त्याच्या रक्तात देणाऱ्याच्याच पेशी दिसणार. त्यासाठी फॉर्मवर खाली एक चौकोन आहे: प्रत्यारोपण झालं आहे का, मज्जा कुणी दिली. तो चौकोन मी पाच वर्षांपूर्वी मुद्दाम छापून घेतला. माझ्या भावामुळे.

धाकटा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लहानपणी इतका गुटगुटीत होता की मी त्याला भोपळ्या म्हणायची, आणि त्याची चाळिशी उलटली तरी म्हणत होते, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. त्याचं किल्ल्यांचं दुकान. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट. एक माणूस, किल्ली कापायचं एक यंत्र, आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. दार लागून बाहेर अडकलेले लोक रडकुंडीला येऊन त्याच्याकडे यायचे, आणि हा त्यांना आधी हसवायचा, मग कुलूप उघडून द्यायचा.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या पाठीवर जांभळे डाग उठले. मुका मार लागल्यासारखे, पण दुखत नव्हते. तो म्हणाला फळीवरचा डबा लागला असेल, भावजय म्हणाली कुठेतरी धडपडला असेल. मी दोघांना वेड्यात काढलं आणि त्याला दंडाला धरून हॉस्पिटलात आणलं. रक्ताचा कर्करोग निघाला. तोही इतका दुर्मिळ, की आमच्या प्रयोगशाळेने तो त्याआधी दोनदाच बघितला होता. हा रोग मुळात कुठल्या पेशीपासून सुरू होतो, यावर जाणत्या लोकांची वर्षानुवर्षं वादावादी चाललेली, आणि त्या भानगडीत त्याचं नावही तीनदा बदललेलं. धाकट्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, रोगालाच आपला पत्ता माहीत नाही, मग तो माझ्याकडे चुकून आला असेल.

त्याच्या पेशी मी स्वतः मोजल्या. घरच्या माणसाचं आपण मोजू नये हे मला कळत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला धीर होईना. पाचव्यातला तुकडा गेलेला, बाराव्यातला गेलेला, तेराव्या जोडीतलं एक तर अख्खंच नाही. त्यानंतर आठ दिवस मी धड जेवले नाही, कुणाशी बोलले नाही, आणि नवव्या दिवशी जिन्यात चक्कर येऊन पडले. धाकटा सलाइनची दांडी ढकलत मला बघायला खाली आला होता. ते त्याने मनात पक्कं धरून ठेवलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

माझी मज्जा त्याला पुरती जुळली. मी दिली. तो बरा झाला. त्याचा रक्तगट बदलून माझा झाला, रक्तात त्याचा वाय औषधालासुद्धा उरला नाही, नुसते माझे दोन एक्स. त्याला याची केवढी मौज. मी वरून पुरुष आणि आतून बाई, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. घरात भांडण झालं की भावजयीला म्हणायचा, हे मी नाही बोलत, ताईचं रक्त बोलतंय. दर वर्षी तपासणी झाली की आठवड्याने तो तळघराच्या दारातून डोकं आत घालायचा आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर विचारावं तसं विचारायचा, "काय गं, मुलगा की मुलगी?" मुलगी म्हणजे माझ्या पेशी, म्हणजे सगळं ठीक. मुलगा म्हणजे त्याच्या जुन्या पेशींनी पुन्हा डोकं वर काढलं. पाच वर्षं मी "मुलगी" म्हणाले आणि पाच वर्षं तो शीळ घालत जिना चढून गेला.

यंदाच्या तपासणीला अजून दोन महिने होते. धाकट्याला बाहेरगावी काम मिळालं होतं. एका जुन्या बँकेच्या तिजोऱ्या, तीन आठवडे लागणार, असं तो म्हणाला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. तिजोऱ्यांच्या गमती सांगायचा. एकदा आवाज जरा बसल्यासारखा वाटला, तर म्हणाला तळघरात काम आहे, आता तुझी दया येते.

त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरून एक नळी आली. क्रमांक चारशे बारा. मी मोजायला बसले. वीसपैकी सोळा पेशींत सातव्या जोडीतलं एक गुणसूत्र नव्हतं. जोडीतलं एक उभं, शेजारची जागा रिकामी. हे वाईट लक्षण आहे. मज्जा बिघडायला लागली की सातवं असं निघून जातं. उरलेल्या चार पेशी ठीक होत्या. आणि वीसच्या वीस पेशींत दोन एक्स. मास्तरांनी दोनदा मोजलं, तेच आलं. मग मी फॉर्म उघडला. पुरुष, वय पंचेचाळीस. चौकोन कोरा.

माझं डोकंच फिरलं. मी चौथ्या मजल्यावर फोन लावला आणि जी नर्स सापडली तिला फैलावर घेतलं. चारशे बारा, चारशे बारा, असा क्रमांक तीनदा सांगितला. पुरुषाच्या फॉर्मवर बाईची नळी पाठवलीत, म्हटलं, जिच्या पेशीतलं सातवं गेलंय अशी एक बाई तुमच्या मजल्यावर आहे आणि तिला कदाचित तुम्ही धडधाकट म्हणून घरी पाठवाल. ती बिचारी म्हणाली की या रुग्णाच्या रक्ताचे आकडे घसरलेत, कारण कळत नाही, सगळे तुमच्याच अहवालासाठी थांबलेत. मी म्हटलं, मग नळ्या नीट भरायला शिका. फोन आपटला. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. चूक दुसऱ्याची निघाली की मला बरं वाटतं, असा माझा स्वभाव आहे.

नवी नळी यायला दोन दिवस गेले. मग वाढवणं, थांबवणं, रंगवणं. मधे उबेची पेटी एकदा बिघडली. असे एकूण अकरा दिवस. अकराव्या दिवशी मोजलं, तर या वेळी अठरा पेशींत सातवं नव्हतं. आणि पुन्हा वीसच्या वीस बाईच्या.

मी परत फोनकडे हात नेला. मास्तरांनी तो फोनवरच दाबून धरला. ते म्हणाले, "बाई, अदलाबदल एकदा होते. दोन्ही वेळा तीच बाई कशी येईल? त्या चौकोनाचं विचारा, आणि हळू विचारा."

मी हळू विचारलं. पलीकडे वॉर्डची डॉक्टर होती. ती म्हणाली, मी खाली येते. डॉक्टर मंडळी कधी तळघरात येत नाहीत. ती आली, दारात उभी राहिली, आमच्या वासाने तिने नाकही मुरडलं नाही. म्हणाली, नवी नळी का मागवलीत ते नर्सने मला सांगितलंच नव्हतं. चौकोन मीच कोरा ठेवला. रुग्णाने गळ घातली होती. तो भरलात तर खाली जी बाई मोजायला बसते तिला वाचताक्षणी कळेल, असं तो म्हणाला. अहवाल येईपर्यंत तिला सुखाने राहू द्या, गेल्या वेळी ती जिन्यात पडली होती. एवढं सांगून तिने फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला, माझंच पेन उचललं आणि चौकोन भरला. प्रत्यारोपण: पाच वर्षांपूर्वी. देणारी: थोरली बहीण.

मी स्क्रीनकडे बघितलं. ती पेशी तशीच होती, जोड्या लावलेली, सातव्यापाशी एक जागा रिकामी. मी तिला अकरा दिवस कुणातरी अनोळखी बाईची समजत होते. ती माझी होती. पाच वर्षांपूर्वी माझ्या हाडातून काढून त्याला दिलेली. त्याच्यात ती रुजली, वाढली, आणि बिघडली. असं होतं, फार क्वचित होतं, मी वाचलेलं होतं. दिलेली पेशी चांगली असते आणि दुसऱ्याच्या शरीरात जाऊन काही वर्षांनी फिरते. त्याच्या जुन्या रोगाचा मागमूस नव्हता. पाचवं, बारावं, तेरावं, सगळी आपापल्या जागी होती. हे नवं दुखणं होतं आणि ते कुठल्या पेशीपासून सुरू झालं यावर कुणी वाद घालायचं कारण नव्हतं. माझ्या.

मास्तरांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि खोलीबाहेर जाऊन उभे राहिले.

मी चार मजले जिन्याने चढले. लिफ्टसाठी उभं राहणं शक्य नव्हतं. तिजोऱ्या उघडायला गेलेला माझा भाऊ अकरा दिवस, त्याहून जास्तच, माझ्या डोक्यावर चार मजले निजून होता आणि तिथूनच रोज संध्याकाळी मला फोन करत होता. भावजयीलाही त्याने शपथ घातली होती. ती उशाशी बसली होती, मला बघून रडायलाच लागली. सहा दिवस ताप होता त्याला. भोपळा कुठला, नुसती गालफडं उरली होती. मला वाटलं तो डोळे मिटून आहे, पण त्याने मान वळवली आणि विचारलं, "काय गं, मुलगा की मुलगी?"

सत्तावीस वर्षं मी जे दिसलं तेच सांगितलं. आईबापांना सांगितलं, नवऱ्यांना सांगितलं, डॉक्टरांना आवडो न आवडो सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी म्हणाले, "मुलगा."

जुनंच परत आलंय, असं पुढे सांगितलं. तो बघत राहिला. त्याने मान हलवली. भावजयीने मात्र डोळे पुसले, आणि तिच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी उजेड आला. तिने माझा हात धरला. "मग ताई, तुम्ही परत द्याल ना? गेल्या वेळी तुमच्या पेशींनीच वाचवलं त्यांना."

देणार नाही म्हणायला तोंड नव्हतं, देईन म्हणायला मज्जा नव्हती. या हातांनी त्याला तेच विष परत कसं देऊ? भावजय माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा हात हळूहळू सैल होत होता. ते मला दिसत होतं.

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "नको. मला हिचं नको."

भावजयीचा कानांवर विश्वास बसेना. तो म्हणाला, पाच वर्षं हिचं तापट रक्त अंगात घेऊन फिरलो, पुरे झालं. दुसऱ्या कुणाचं जुळलं तर बघू, नाहीतर राहिलं. हे त्याने इतक्या कडवट आवाजात सांगितलं की मीसुद्धा दचकले. भावजयीने त्याला समजावलं, चिडली, शेवटी हुंदका देऊन म्हणाली की तुम्हाला जगायचंच नाही, आणि बाहेर निघून गेली.

दार लागलं. तो हसला. पूर्वीसारखं, एका बाजूने.

"मुलगी आहे ना?" तो म्हणाला.

मी त्याची चादर सारखी करू लागले.

"तुझा फोन आला तेव्हा मी जागा होतो. नर्सबाईंचं टेबल इथून चार हात. तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, बिचारीचा कान फाटला असता." त्याने मनगट वर केलं. पट्टीवर क्रमांक होता, चारशे बारा. "बाईच्या पेशी, सातवं गेलेलं. माझ्यात बाई एकच आहे, ताई."

माझा संताप झाला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून संताप झाला. मी त्याला म्हटलं, मग तेव्हाच बोलायचंस. त्या नर्सला सांगायचंस, ही माझी बहीण आहे, तो चौकोन भरा. अकरा दिवस गेले, कळतंय का तुला? तुझा ताप त्या अकरा दिवसांतला आहे.

"बोललो असतो तर तुला अकरा दिवस आधी कळलं असतं," तो म्हणाला.

मी त्याच्या पायाशी बसले आणि रडले. आवाज न करता रडणं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमलं. त्याने मला रडू दिलं, मग तो दुकानदाराच्या आवाजात समजावू लागला. मूळ किल्ली चांगलीच असते, म्हणाला. तिच्यावरून एक कापायची, त्या कापलेलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. असं करत गेलं की कधीतरी एखादा दात सरकतो आणि कुलूप लागत नाही. म्हणून कुणी मूळ किल्लीला शिव्या घालतं का?

"मग कुणाला घालायच्या?" मी विचारलं.

"यंत्राला. आणि यंत्र माझं होतं."

मग त्याने माझ्याकडून वचन घेतलं. भावजयीला हे कधी सांगायचं नाही. तिला माझा राग येऊ दे, तो तिला तसाही येतो, म्हणाला. तुझा आला तर माझ्यामागे तिला आणि पोरीला कुणी उरणार नाही. मी वचन दिलं. अशा वेळी माणूस काहीही देतं.

परक्या कुणाची तरी मज्जा जुळते का, त्याचा शोध सुरू झाला. एक जुळायच्या बेतात होती. त्याआधीच ताप फुप्फुसात उतरला आणि मी वर गेले त्यापासून तेराव्या दिवशी धाकटा गेला. दुपारी, भावजय औषध आणायला गेली असताना. मी तिथे होते. शेवटपर्यंत त्याने तिच्याशी समेट केला नाही, कारण केला असता तर तिने पुन्हा माझ्या मज्जेचा विषय काढला असता.

डॉक्टर म्हणाली, अकरा दिवसांनी फरक पडला नसता. मास्तरही म्हणाले. मला ते पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

माझीही मज्जा तपासली, तोच दोष माझ्यात तर नाही ना म्हणून. मास्तरांनी दोनदा नाही, तीनदा मोजली. वीस पेशी, शेहेचाळीस गुणसूत्रं, सगळ्या जोड्या पुऱ्या. मास्तर आनंदाने सांगायला आले तर मी त्यांच्या अंगावर धावून गेले. माझ्या घरी त्या पेशी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. त्याच्या घरी जाऊन त्यांनी दावा साधला. निदान माझ्यातही काही खोट निघाली असती तर त्याच्यासोबत आपणही थोडं बुडालो असं तरी वाटलं असतं.

भावजय माझ्याशी फार चांगली वागत होती. तेच सोसवत नव्हतं. दर रविवारी बोलवायची, मला स्वतःच्या हाताने वाढायची, आणि धाकट्याच्या नावाने बोटं मोडायची. बहीण द्यायला तयार असताना हट्टापायी गेले, म्हणायची. दुकानाचं दार तिने उघडलं नव्हतं. त्याचा फोटो कपाटात ठेवून दिला होता. मी ऐकून घ्यायची, मान खाली घालून जेवायची, घरी येऊन ओकायची. वचन पाळत होते ना.

चौथ्या महिन्यात एका रविवारी भाची पानावरून उठता उठता, सहज, पाणी मागावं तसं म्हणाली, "बाबांना आमच्यापेक्षा त्यांचा हट्ट मोठा होता." सोळा वर्षांची पोर. आईचंच वाक्य उचललेलं. मी हातातला घास खाली ठेवला. भावजयीला म्हटलं, चप्पल घाल, माझ्याबरोबर चल. कुठे, का, काही सांगितलं नाही.

सुट्टीचा दिवस होता, तळघरात कुणी नव्हतं. मी दिवे लावले. आमच्याकडे एक मायक्रोस्कोप आहे ज्याला दोन्हीकडून डोळे लावता येतात, शिकवण्यासाठी. एकीकडे तिला बसवलं, दुसरीकडे मी बसले. कपाटातून चारशे बाराची काच काढली. काचा आम्ही वर्षानुवर्षं ठेवतो. तेलाचा थेंब टाकला, पहिली पेशी शोधली आणि तिला म्हटलं, बघ. पट्ट्यापट्ट्यांचे दोऱ्याचे तुकडे दिसतायत ना, ती गुणसूत्रं. मग मी तिला एक एक दाखवत गेले. हा एक एक्स. हा दुसरा. दोन म्हणजे बाई. हे सातवं. याचा जोडीदार शोध, सापडणार नाही, तोच रोग.

"कुणाची आहे ही?" तिने विचारलं.

"माझी," मी म्हटलं. "त्याच्यातून काढलेली."

आणि सगळं सांगितलं. मुलगा म्हणाले ते खोटं होतं हे, फोन, कोरा चौकोन, अकरा दिवस, किल्ली, वचन. त्याने हट्ट केला नव्हता, तुझ्यासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून शेवटचे तेरा दिवस तुझा राग ओढवून घेतला, हे सांगितलं. या खेपेला माझा आवाज अजिबात मोठा नव्हता. तिला ऐकू जातंय का याचीच मला शंका येत होती. तिने डोळे मायक्रोस्कोपवरून उचलले नव्हते, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

मी वाट बघत बसले. ती उठून जाईल, किंवा मला काहीबाही बोलेल, किंवा मारेल. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिने विचारलं, "यात त्यांचं काहीच नाही?"

"नाही. सगळं माझं आहे."

"पण होत्या त्यांच्यातच ना? त्या दिवशी?"

"हो. नळी भरली त्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याच अंगात जिवंत होत्या."

तिचे खांदे हलायला लागले. रडत होती, पण डोळे तिने तिथेच लावून ठेवले होते. मी काच काढायला हात पुढे केला, तर तिने चाचपडत माझं मनगट धरलं. "थांबा," ती म्हणाली. "अशा किती आहेत?"

"वीस मोजल्या."

"सगळ्या दाखवा."

मी पुन्हा डोळे लावले, काच जराशी सरकवली आणि दुसरी पेशी आणली.